वेगळा टोप

गंगुबाईच्या खाणावळीत दोन चुली होत्या आणि दोन टोप. मोठ्या टोपात गावाहून आलेला उकडा तांदूळ शिजे. तांबूस, जाड, कोंड्याचा वास असलेला. तो सगळ्या जेवणाऱ्यांसाठी. धाकट्या टोपात वाण्याकडचा, गिरणीत घासून काढलेला पांढरा तांदूळ शिजे. तो एकट्या दौलतसाठी.

दौलत तिचा धाकटा भाऊ. परळच्या एका गिरणीत तो साचेखात्यात होता, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रांवर. त्याच्या हाताखाली दोन साचे होते. लालबागच्या त्या चाळीत गंगुबाईकडे जेवायला येणारी मंडळी सगळी राजापूरच्या खाडीकाठची. कोणी सूतखात्यात, कोणी सुताच्या कांड्या भरायला, कोणी कापसाच्या गासड्या ओढायला. दोन साचे चालवणारा त्यांत दुसरा नव्हता. म्हणून त्याला पांढरा भात, असे लोक धरून चालत.

"साचेवाल्यांचा नैवेद्य झाला का?" चंदू रोज सकाळी पाटावर बसता बसता विचारी. तो त्याच गिरणीत बदली होता. ज्याचा खाडा पडेल त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरते उभे राहायचे. कोणाचा खाडा पडला नाही तर फाटकावरून परत यायचे. "आमच्या नशिबी आपला कोंडा."

"कोंडा खा आणि चालता हो," गंगुबाई म्हणे आणि त्याच्या ताटात पेज ओती. उकड्या तांदळाची दाट पेज, मिठाचा खडा, निखाऱ्यावर भाजलेला बांगड्याचा तुकडा. गिरणी उजाडताच सुरू होई, त्याआधी एवढे पोटात गेले की माणूस दुपारच्या सुट्टीपर्यंत उभा राही.

अप्पा सगळ्यांत म्हातारा. बॉयलरवर कोळसा ओढत असे. गंगुबाई पांढरा भात वेळायला टोपावर झाकण धरून तिरका करी, तेव्हा तो आपला पेला पुढे करी.

"ते पाणी मोरीत नको ओतू, पोरी. मला दे."

"अप्पा, तुमच्या वाट्याची पेज घेतलीत ना?"

"घेतली. हीही घेतो. कोळशाला काय, दोन्ही सारखीच."

पांढरा भात गंगुबाईने लहानपणी पाहिला तो खोताच्या घरी. खोताकडे कार्य निघाले की मागच्या अंगणात बायका भात वेळायच्या आणि निघालेले पाणी कुळांच्या पोरांना मिळायचे. ती आणि दौलत करवंट्या घेऊन उभी राहत. पाणी करवंटीत पडे, भात आत जाई. पुढे आई गेली. लग्न होऊन गंगुबाई मुंबईला आली, मागून दौलतला आणले. नवरा गेला तेव्हा ती रडली नाही. पंगत बसायची वेळ झाली होती. सुतकात चूल शेजारणीने सांभाळली, नंतर हिने घेतली. त्यानंतर तिच्या आत बरेच काही थांबल्यासारखे झाले होते. सकाळी उठणे, तांदूळ धुणे, वाढणे, घासणे. एवढ्यात फक्त एक गोष्ट तिची स्वतःची होती: दौलतचे साचे.

वेगळा टोप मात्र साच्यांमुळे आला नव्हता. तो तापामुळे आला. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता दौलतला हिवताप भरला. तिने गिरगावातल्या एका वैद्याला दाखवले. त्याने नाडी पाहिली आणि सांगितले, "ताप उतरेपर्यंत हलकं द्या. कुळीथ नको, मासळी नको, उकडा भात नको. पांढरा भात, वर थोडं तूप."

ताप उतरला. अशक्तपणा राहिला, म्हणून पथ्यही राहिले. तूप-भात, कधी साखर-भात. अशक्तपणा वाढला, तशी गंगुबाईने भाताची मूद वाढवली. तांदूळ ती पाणी अगदी स्वच्छ निघेपर्यंत धूत असे. शिजवून वेळून ताटात घातला की मोगऱ्याच्या कळ्यांसारखा मोकळा दिसे. दौलत तो खाई आणि उठताना भिंतीला हात लावी.

एका रविवारी विठोबा जॉबर खाणावळीच्या पायरीवर येऊन बसला. साचेखात्यातली भरती त्याच्या हातात. तोही राजापूरकडचाच; दौलतला साचे त्यानेच दिले होते. त्याने पाणी मागितले, प्यायला, पेला उपडा ठेवला.

"गंगुबाई, तुझा भाऊ उभ्या उभ्या झोपतो."

तिने पेला उचलून घेतला.

"तार तुटतो, साचा चालूच. परवा हातभर कापड विरविरीत निघालं. मी दोनदा पोटात घातलं. माझ्या डोक्यावरही मास्तर आहे."

"ताप येऊन गेलाय त्याला."

"ताप दसऱ्याला आला. आता शिमगा येतो." विठोबाने पागोटे सारखे केले. "आणखी एकदा दिसला तर साचे दुसऱ्याला जातील. मग माझ्या दारात रडत यायचं नाही."

"मी रडत नाही."

"ते ठाऊक आहे," विठोबा म्हणाला आणि उठला.

त्या संध्याकाळी पंगतीत दुसरा विषय नव्हता. माणसाला ताकद कशाने येते, यावर प्रत्येकाकडे काहीतरी होते. एक म्हणाला कच्चे अंडे. दुसरा म्हणाला सकाळची माडी, उतरवल्या उतरवल्या.

"माडीनं झोप येते रे. झोपच घालवायचीय त्याची," चंदू म्हणाला. "मी सांगतो, त्याला बायको करून द्या. कशी झोप येते ते बघू."

दौलत हसला. हसण्यालाही त्याला थोडा वेळ लागला.

"पेज," अप्पा म्हणाला. "पेज, कुळीथ आणि मासळी. मी त्या जाळापुढे उभा असतो, मला बघा."

"तुम्ही लाकूड खाल्लंत तरी पचेल अप्पा," गंगुबाई म्हणाली. "त्याला हलकं सांगितलंय."

ती आत वळली. परत आली तेव्हा दौलतचा हात अप्पाच्या ताटात होता. कुळथाची पिठी होती, लसणीची फोडणी दिलेली, वर कोकम. त्याने बोटांनी निपटून घेतली, आपल्या पांढऱ्या भातात कालवली आणि पहिला घास उचलला होता. अप्पा भिंतीकडे बघत होता; त्याला काही माहीतच नव्हते.

गंगुबाईने ताट उचलले. भात मोरीत टाकला, ताट घासले, पुसले, त्यात नवा भात वाढला, तूप वाढले आणि ताट त्याच्यापुढे ठेवले. सगळे थांबून पाहत होते.

"पथ्य मोडलंस तर साचे जातील."

"वास आला म्हणून, बाय," दौलत म्हणाला.

"वास घे. खाऊ नको."

त्याने तो भात खाल्ला. सगळा खाल्ला. ती समोर उभी होती.

सुकी मासळी गुणवंती आणून देई. ती शीव कोळीवाड्यातली कोळीण, पाटी डोक्यावर घेऊन चालत येई आणि लालबागेत येईपर्यंत चाळीचाळीतली बातमी तिच्याकडे जमलेली असे. दारात पाटी उतरवताना तिने दौलतला नळाकडे जाताना पाहिले.

"गंगे, भाऊ तुझा पाय कसा टाकतो गो? खाजणातल्या चिखलात चालल्यावानी."

"अशक्तपणा आहे."

"मग ही सुकट घाल त्याला. कालची हाय, अजून कडक."

"मासळी बंद आहे त्याची."

"बंद? कोणी केली बंद?" गुणवंती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भात नि साखर! देवाला ठेवतेस का माणसाला? देवाला बरा, त्याला कुठं गिरणीत जायचं हाय."

"सुकट पंगतीला दे नेहमीसारखी," गंगुबाई म्हणाली. "आणि बांगडे मोठे बघून दे."

शिमग्याला अर्धी चाळ गावी निघाली, तेव्हा विठोबानेच दौलतला रजा दिली. तीही दया म्हणून नव्हे. रजेत त्याचे साचे चंदू चालवणार होता, म्हणजे कापड तरी नीट निघाले असते. दौलत आगबोटीने मुसाकाजी बंदरात उतरला आणि गावी काकाकडे राहिला. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या आत परत आला.

तो आला तो तांदळाचे गाठोडे खांद्यावर घेऊन, भाऊच्या धक्क्यापासून लालबागेपर्यंत चालत. तोंडावर रंग आला होता. पोटऱ्या भरल्या होत्या. अप्पाने त्याच्या दंडाला चिमटा काढून पाहिला.

"हा दौलतच ना? का दौलतचं नाव सांगून दुसराच आलाय?"

"गावचं पाणी," कोणीतरी म्हणाले, आणि ते सगळ्यांना पटले. मुंबईचे पाणी बाधते, गावचे पाणी बरे करते. गंगुबाईलाही ते पटले. विठोबाने साचे परत दिले. चंदू पुन्हा फाटकाशी उभा राहू लागला. त्याने तोंड वाकडे केले नाही, फक्त म्हणाला, "तुझ्या डाव्या साच्याची खोड मी काढलीय. मला लक्षात ठेव."

गंगुबाईने त्याच दिवशी धाकटी चूल पेटवली.

"बाय, काकीकडे मी रोज पेज प्यायचो," दौलत म्हणाला. "कुळीथ, सुका बांगडा, सगळं खायचो. तेच दे मला. तीच चव तोंडात बसलीय."

"गावी होतास म्हणून खाल्लंस. तिथं कोण बघणार होतं? इथं मी आहे."

पुढे पाऊस लागला. आषाढ संपायच्या आत भिंतीला लागणारा हात परत आला. मग पाय. सकाळी उठल्यावर पायांत मुंग्या येतात, असे तो म्हणे. पुढे तेही म्हणेनासा झाला. गंगुबाईने पायांना खोबरेल चोळले. तूप वाढवले. भाताची मूद आता दोन माणसांची असे. तो तेवढी खाऊ शकत नव्हता, तेव्हा ती समोर बसून खायला लावी.

श्रावणात एका सकाळी तो चुलीजवळ उभा राहून कपडे सुकवत होता. गंगुबाई लाकूड पुढे सारत असताना एक निखारा बाहेर घरंगळला. तिने पाहिले नाही. पंगत बसलेली होती. थोड्या वेळाने अप्पाने नाक वर केले.

"काय जळतंय?"

"बांगडा असेल," चंदू म्हणाला.

"बांगडा नाही. दौलत, पाय! पाय उचल मेल्या!"

दौलतने खाली पाहिले. निखारा त्याच्या पावलाच्या कडेखाली होता. त्याने आधी निखाऱ्याकडे पाहिले, मग पायाकडे, दोन्ही कोणा दुसऱ्याचे असल्यासारखे. मग पाय उचलला. गंगुबाईने पाण्याचा तांब्या त्यावर ओतला. कातडी पांढरी पडून सुटली होती.

"दुखत नाही," तो म्हणाला. चांगली बातमी सांगावी तसे त्याने ते सांगितले.

कोणी जेवले नाही असे झाले नाही. भोंगा व्हायचा होता. सगळे जेवले आणि गेले, दौलतही पायाला फडके बांधून गेला.

त्याच आठवड्यात तो साच्यांमध्ये पडला. गुडघे आपोआप दुमडले, एवढेच त्याला आठवत होते. साचे फिरवणारा वरचा पट्टा त्याच्या सदऱ्याला लागला होता; त्या दिवशी पलीकडच्या साच्यावर चंदू बदली होता, त्याने काखेत हात घालून मागे खेचला म्हणून हात राहिला. विठोबाने दौलतला हमालाबरोबर घरी पाठवले, आणि परत साच्यांकडे वळून चंदूला म्हणाला, "उभा राहा इथं." उद्यापासूनही, असे वेगळे सांगावे लागले नाही.

संध्याकाळी चंदू खाणावळीच्या दारात बराच वेळ चपला काढत राहिला.

"मी मागितले नाहीत, गंगुबाय."

"जेव," ती म्हणाली.

"विठोबानं उभं केलं. नाही म्हटलं असतं तर तिसऱ्याला गेले असते."

"तेच सांगतेय. जेव. भात निवतोय."

दुसऱ्या दिवशी तिने एकच चूल पेटवली. तसे काही ठरवले नव्हते. धाकटा टोप फळीवर होता, पांढरा तांदूळ डब्यात होता, लाकडेही होती. तिने टोपाकडे पाहिले आणि तो काढला नाही. साच्यांसाठी ताकद हवी होती; साचे गेले. ताकदीचे आता काय करायचे, हे तिला सुचत नव्हते. पथ्य तिला आठवले, आणि आठवून निघून गेले. पंगत उठल्यावर टोपाच्या तळाशी जे राहिले ते तिने एका ताटात घेतले, पेज, पिठी, सुकटीचा उरलेला चुरा, आणि ओसरीत पडलेल्या दौलतपुढे सारले. तो खातो की नाही हे पाहायला थांबली नाही.

असेच चालले. ती त्याच्याशी बोलत नव्हती, रागाने नव्हे. बोलायचे काय ते सापडत नव्हते. आधी दिवसभर त्याच्याच घासांचा विचार असे. आता डोक्यात काही नसे. तांदूळ निवडताना बोटे चालत आणि ती बोटांकडे बघत बसे. गणपती आले, गेले. चाळीत आरत्या झाल्या तेव्हा ती भांडी घासत होती.

"त्याच्याशी एक शब्द तरी बोल, पोरी," अप्पा म्हणाला. "जावा-जावांनासुद्धा एवढा अबोला झेपत नाही."

"काय बोलू?"

अप्पाने पेला पुढे केला, मग पांढऱ्या भाताचे पाणी आता नसते हे आठवून मागे घेतला.

दौलत आधी ओसरीतून नळापर्यंत गेला. मग नळावरून घागर भरून आणू लागला. पायाची जखम भरली. तो पंगतीत बसू लागला, चंदूच्या शेजारी, जागा तीच मोकळी होती म्हणून. गंगुबाई वाढत पुढे सरके; त्याच्या ताटात काय पडते याकडे तिचे लक्ष नसे. दसरा झाला होता. एका संध्याकाळी पेजेचा घोट घेता घेता तो थांबला.

"बाय, मुंगी चावली."

"मुंगीलाही दुसरं कोणी मिळालं नाही," चंदू म्हणाला. "एवढे आम्ही धडधाकट बसलोय."

"अरे, चावली! पायाला. कळलं मला."

दौलतने पाऊल वर घेऊन मांडीवर ठेवले होते आणि तो त्या लाल ठिपक्यावर बोट दाबून बघत होता. दाबे, तोंड वाकडे करी, पुन्हा दाबे.

"दुखतंय," तो म्हणाला.

गंगुबाईच्या हातात पळी होती. ती तशीच राहिली. पेज थेंबाथेंबाने जमिनीवर पडत होती.

दुसऱ्या दिवशी सगळे गिरणीत गेल्यावर ती सुपात तांदूळ निवडायला बसली. शेजारी डबा होता; पांढरा तांदूळ त्यात अजून निम्मा होता. तिने मूठभर काढून सुपात उकड्याच्या शेजारी ठेवला. शिमग्याला दौलत गावी गेला, तिथे पेज प्यायला आणि बरा झाला. इथे आला, तिने धाकटी चूल पेटवली, आणि त्याचे पाय गेले. चूल विझली, पाय आले. पाणी तर या वेळी मुंबईचेच होते. अप्पा त्याच पाण्यावर, चंदू त्याच पाण्यावर. मधे बदलत होते ते फक्त तिचे वाढणे. ताप उतरेपर्यंत, असे वैद्य म्हणाला होता. ताप तर तेव्हाच उतरला होता. मोरीत टाकलेला तो कुळथाचा घास तिला दिसला, आणि घासून लख्ख केलेले ताट.

रडू येईल असे तिला वाटले. तिने वाट पाहिली. ते आले नाही. तिने तांदूळ निवडला.

दुपारी दौलत पाण्याची घागर घेऊन आला, तेव्हा तिने सांगून टाकले.

"तुझे पाय माझ्या भातानं गेले."

"कसल्या?"

"पांढऱ्या."

दौलतने घागर उतरवली. "भातानं कुणाचे पाय जातात, बाय? मग खोत कधीच पांगळा झाला असता."

"खोत सगळं खातो. मासळी खातो, कुळीथ खातो, दूध पितो. भात त्याच्या ताटात एका बाजूला असतो. तुझ्या ताटात मी दुसरं काही राहूच दिलं नाही. जे होतं तेही धुऊन धुऊन घालवलं."

त्याने घागरीवर झाकणी ठेवली. मग म्हणाला, "तापाचं असेल ते. आपोआप गेलं असेल."

"असेल," ती म्हणाली. तिने पुढे वाद घातला नाही. त्यानेही घातला नाही. पण त्या संध्याकाळी तिने पिठी वाढली तेव्हा त्याने ताट दोन्ही हातांनी धरले होते.

विठोबाकडे दौलत स्वतः गेला. विठोबाने त्याला चालायला लावले, वळायला लावले, एका पायावर उभे केले.

"पाय आले, चांगलं झालं. साचे मात्र भरलेले आहेत. चंदू बरा चालवतो." त्याने खांदे उडवले. "फाटकाशी येत जा. कोणी पडलं तर बघू."

दौलत फाटकाशी जाऊ लागला. कधी दिवस मिळे, बहुतेक वेळा नाही. परत येताना तो पूर्वी चंदू जसा यायचा तसा येई, खिशात हात घालून, इकडेतिकडे बघत. जागा बदलल्या होत्या, एवढेच. पंगतीत ते अजून शेजारी बसत.

दिवाळीनंतरची एक सकाळ. थंडी पडू लागली होती आणि चुलीभोवती माणसे जरा सरकून बसली होती. गंगुबाईने पळी टोपात घातली, तेव्हा चंदूने ताटावर हात आडवा धरला.

"थांब गंगुबाय. एक बोलायचं होतं."

"बोल."

"मी आता दोन साचेवाला."

"ठाऊक आहे."

"मग दोन साचेवाल्याला काय मिळतं या खाणावळीत?" त्याने फळीकडे बोट केले. "तो टोप रिकामाच पडलाय. तांदूळही डब्यात आहे, मी बघितलाय. गावी आईला कळवीन म्हणतो, तुझा लेक खोताचा भात खातो. रोज. वर तूप. पेज-कुळीथ आता या अप्पाला दे माझ्या वाटची."

"मी घेईन," अप्पा म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही."

दोघेतिघे हसले. चंदूने ताट पुढे सरकवले. तो थट्टा करत होता आणि करत नव्हता. डोळ्यांत खरीच हौस होती, करवंटी घेऊन मागच्या दारी उभे राहिलेल्या माणसाची. गंगुबाईला ती ओळखता आली.

"घाल की त्याला, बाय," दौलत म्हणाला.

तो ताटाकडे बघत बोलला होता. आवाज अगदी साधा होता.

"एवढी हौस आहे तर घाल. काय बिघडतंय?"

तिने भावाकडे पाहिले. त्याने मान वर केली नाही. बोटाने तो मिठाचा खडा ताटाच्या कडेने फिरवत होता, एकदा, दोनदा. तिच्या लक्षात आले, त्या दुपारी ती बोलली ते त्याने सगळे ऐकले होते. तापाचे असेल म्हणाला होता, पण शब्दन्‌शब्द ठेवून घेतला होता.

फळीवर टोप होता. डब्यात तांदूळ होता. पावसाळा यायला अवकाश होता, पण चंदू पडायला तेवढी वाट पाहावी लागली नसती. ती कोणाला काही वाईट देणार नव्हती. मागितले तेच देणार होती, आणि खाणाऱ्याने आशीर्वाद दिला असता. कोणी पडलं तर बघू, असे विठोबा दौलतला म्हणाला होता.

"काय गो, मुहूर्त बघतेस?" चंदू म्हणाला. "भोंगा होईल."

"हात काढ," गंगुबाई म्हणाली.

"आं?"

"ताटावरचा हात काढ. इथं एकच टोप लागतो."

"भावाला होता की वेगळा."

"भावाचे पाय गेले त्यानं."

"ते तापानं गेले. सगळी चाळ सांगते."

"चाळ इथं वाढायला येत नाही. मी वाढते." तिने पळी भरून घेतली. "पांढरा भात खायचा असेल तर दुसरी खाणावळ बघ. पण तिथंही वर पिठी मागून घे आणि मासळी सोडू नको. एवढं ऐक माझं."

चंदूने अप्पाकडे पाहिले, मग दौलतकडे. अप्पा पेज पीत होता. दौलत काहीच करत नव्हता.

"म्हणजे आमच्या नशिबी कोंडाच," चंदू म्हणाला आणि हात काढला.

तिने त्याच्या ताटात पेज ओतली. बांगड्याचा तुकडा ठेवला. तो मोठा निघाला, तो तिने बदलला नाही. मग दौलतला वाढले. दौलतने मिठाचा खडा पेजेत टाकला आणि खाऊ लागला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

चंदूने पहिली संपवून ताट पुन्हा पुढे केले.

"घाल अजून. आज तो डावा साचा छळणार आहे मला."

तिने पुन्हा घातली.

भोंगा झाला. चंदू तोंड पुसत धावत सुटला. बाकीचे उठले. दौलत सगळ्यांत शेवटी निघाला, घाई न करता. फाटकाशी उभे राहणाऱ्याला घाई नसते. ओसरीची पायरी तो भिंतीला हात न लावता उतरला आणि त्याची पावले ओल्या फरशीवर पुरती उमटली, टाचेसकट. गंगुबाईने ती पाहिली. मग तिने डब्यातला पांढरा तांदूळ पदरात काढला, शेजारणीला कपड्यांच्या खळीसाठी नेऊन दिला, आणि परत येऊन मोठा टोप घासायला घेतला.